बाई घेऊ की बाप्या?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. अंगणात सुकट वाळत घातली की तिचा वास शेजारच्या घरात बिनबोलावता जाऊन बसतो, तसे ते येतात. एक आला की त्याच्या मागून दुसरा, आणि मग कितीही साबण लावा, अंगाला येतोच. माझ्याकडे सध्या जे साचलेत ते सगळे एकाच खोलीतले. आणि त्यातल्या एकाही किश्शात माझं तोंड मिटलेलं नाही. आ वासलेलाच आहे.

खोली माझीच. पूर्वी तिथे मी बर्फ ठेवायचो. मी चौथीपर्यंत शिकलो, कारण पाचवीतल्या मास्तरांनी माझी कीर्ती आधीच ऐकली होती. पुढे बोटीवर इंजिन चालवलं आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढल्या. आता इंजिन सुटलंय, खोड्या चालू आहेत. बर्फाचा धंदा बसला तेव्हा माझा पुतण्या पंकज म्हणाला, "काका, खोली दे. गेमिंगचं दुकान टाकतो." मला वाटलं कॅरम आणेल. त्याने कॉम्प्युटर आणले.

पंकजचे आईबाप तो लहान असतानाच गेले. वाढवला मी, पण जेवू घातलं शेजारच्या कुसुमने. आता त्याची तिशी उलटली. त्याचं लग्न व्हावं ही माझी इच्छा, कुसुमची त्याहून मोठी, आणि पंकजची किती ते त्याचं तोंड बघूनच कळतं. पण मुलीकडचे विचारतात, मुलगा करतो काय? गेम खेळवतो म्हटलं की पाहुणे पोहे अर्धे ठेवून उठतात. आणि कुसुमचे पोहे अर्धे ठेवणं सोपं नाही.

पावसात आमच्याकडे मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झोपवतात. माणसांना झोपवायला एवढी मोठी ताडपत्री मिळत नाही. ती सगळी पंकजच्या दुकानात आली.

सगळ्यांचा आवडता खेळ एकच. त्यात राज्य आहे, जंगल आहे, आग ओकणारं एक उडतं जनावर आहे, आणि हिरो आपण स्वतः. पण खेळ सुरू व्हायच्या आधी मशीन विचारतं, बाई घेणार की बाप्या? मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? आमचे सगळे मिशीवाले. बाप्याच घेणार.

*

पहिला बसला मोरेश्वर तांडेल, कुसुमचा नवरा. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. हा खोकला तरी वल्ह्यावरचा बगळा उडतो. त्याने माऊस धरला आणि लांब वेणीची, कमरेला तलवार लावलेली बाई घेतली.

"मोऱ्या, चुकून दाबलंस," मी म्हटलं.

"चुकून न्हाय. बाईच हवी."

"मिशी काढून ठेव मग."

"काका, लढाई कोण पण करंल. पण जनावर मारल्यावर त्याचं कातडं बाजारात विकायला लागतं. विकणार कोण? मी?"

आमच्यात बाप्याने मासळी किनाऱ्याला आणली की त्याचं काम संपलं. पुढे टोपली, बाजार, भाव, भांडण, सगळं बायकांचं. एकदा कुसुम आजारी होती तेव्हा मोरेश्वर टोपली घेऊन मुरुडच्या बाजारात बसला होता. एका लॉजच्या आचाऱ्याने त्याच्याकडून सगळी पापलेटं बोंबलाच्या भावात नेली. टोपलीसकट.

संध्याकाळपर्यंत खोलीतल्या सगळ्या खलाशांनी बाया घेतल्या. वर म्हणायला लागले, गेममधला शेठ बाईला जास्त भाव देतो. पंकजने दोन मशीन शेजारी लावून दाखवलं. एकावर बाई, एकावर बाप्या, तेच कातडं, तोच शेठ. भाव सारखाच. कुणाचाही विश्वास बसला नाही. शेवटी निकाल द्यायला कुसुमला बोलावलं.

कुसुम पदर खोचून बसली. कातडं पुढे टाकलं. शेठने भाव सांगितला.

"आता घासाघीस कुठं करायची?"

"करता येत न्हाय, मावशी," पंकज म्हणाला. "भाव फिक्स हाय."

"मी उठून चालायला लागले तर मागून हाक मारतो?"

"न्हाय."

कुसुमने एकेका बाप्याकडे नीट पाहिलं.

"मग तुम्ही सगळे दिवसभर हितं खेळताय काय?"

*

दुसऱ्या दिवशी ही बातमी सुकटीच्या टोपल्यांबरोबर एसटीत चढली. मुरुडला पोचेपर्यंत तिच्यातला कॉम्प्युटर कुठेतरी उतरून गेला आणि उरलं एवढंच, की धर्माच्या, म्हणजे माझ्या, खोलीत पुरुष बाया घेऊन बसतात.

नेमकं त्याच आठवड्यात मुरुडचं एक स्थळ पंकजला बघायला येणार होतं. मुलीचा मामा खरं-खोटं करायला आधीच येऊन थडकला. पंकज एकटाच होता. पडद्यावर त्याची बाई ओढ्याकाठी बसून केस वाळवत होती.

मामाने विचारलं, "ही कोण?"

पंकजला खोटं बोलता येत नाही. ती विद्या मी त्याला शिकवायची राहिली.

"मी," तो म्हणाला.

मामा पाणीसुद्धा न पिता गेला.

*

मग बाजारातल्या बायकांनी ठरवलं की हे दुकान बंद करायचं. कुसुमने आत जे बघितलं ते सांगून पाहिलं, पण ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांना जास्त माहीत होतं. सगळ्या मिळून आल्या. मी दारातच म्हटलं, "बायांनो, आधी खेळून बघा, मग टाळं लावा." मला गंमत बघायची होती.

मशीनने विचारलं, बाई की बाप्या? सगळ्यांनी एका सुरात बाप्या घेतला. आणि बाप्या कसला, खांदे बोटीच्या फळीएवढे.

"अगो, एवढा दणकट कशाला? लढायला?" मी विचारलं.

"लढायला कशाला? गप बसा, काका."

त्या खेळात गावाबाहेर विहीर आहे आणि लाकडं फोडायला ओंडका आहे. बायकांनी त्या वीराला विहिरीवर पाठवला. पाणी आणलं. परत पाठवला. परत आणलं. मग लाकडं फोडून घेतली. मग परत पाणी. गाव जाळायला ते उडतं जनावर आलं, राजाचा शिपाई ओरडत आला, तरी ह्या हलल्या नाहीत. पंकज कळवळून म्हणाला, "मावशी, लढाईला चला, गाव जळतंय."

"जळू दे. तू मध्ये बोलू नको." आणि मग शेजारणीकडे वळून, अगदी हळू आवाजात, "बघितलंस? एकदा पण विचारलं न्हाय, का म्हणून."

दुकान बंद झालं नाही. बायकांनी दुपारची वेळ आपल्यासाठी राखून घेतली.

*

आमचे गुरुजी दरवर्षी शाळेत स्त्रीशक्तीवर भाषण करतात. स्वतःचं भाषण ऐकून स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आणतात. ते एकदा दुकानात आले, पोरं बिघडतात म्हणून तपासायला. तपासायचं तर बसावं लागतं. मी मुद्दाम विचारलं, "गुरुजी, तुम्ही तर बाईच घेणार ना?"

"अर्थात," गुरुजी म्हणाले, आणि बाप्या घेतला.

आता त्या खेळात आपल्या माणसाचा चेहरा आपणच बनवायचा असतो. नाक, हनुवटी, केस. गुरुजींचं डोकं शहाळ्यासारखं गुळगुळीत. ते केसांपाशी आले आणि तिथेच अडकले. कुरळे केले. लांब केले. मागे फिरवले. कपाळावर एक बट आणली, पुसली, पुन्हा आणली. राज्य वाट बघत राहिलं, जनावर वाट बघत राहिलं. गुरुजींचा खेळ शेवटपर्यंत सुरूच झाला नाही.

त्यांना शोधत वहिनी आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "कोण हो हा?"

गुरुजी लाजले. "मी. तरुणपणीचा."

वहिनींनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"मग मला दुसराच कोणीतरी दाखवला होता."

*

इस्माईलभाई रिक्षा चालवतात. मी त्यांना इतकी वर्षं छळतोय की त्यांच्या घरी ईदला माझ्यासाठी शीरखुर्मा वेगळा काढून ठेवतात, त्यात मी मीठ टाकू नये म्हणून. त्यांना चार मुली. दोघी पनवेलला नोकरीला, दोघी कॉलेजला.

इस्माईलभाई आधी बाप्या घेऊन खेळायचे. तो दरीत पडला, नदीत बुडाला, लांडग्यांनी खाल्ला, तरी हे चहा पीत हसायचे. "गिर गया बेचारा. उठेगा, जाएगा कहाँ." एक दिवस मी म्हटलं, "भाई, चेंज म्हणून बाई घ्या."

घेतली. तीरकमान लावलेली, पोरगेलीशी. त्या दिवशी इस्माईलभाई कड्याच्या जवळसुद्धा गेले नाहीत. पूल आला की आधी थांबून बघायचे. मला राहवेना. ते चहा घ्यायला वळले तसं मी एक बटण दाबलं आणि पोरगी कड्यावरून खाली.

मला वाटलं, शिव्या देतील. मी त्यासाठीच बसलो होतो. पण त्यांनी चहा तसाच ठेवला. खिशातून फोन काढला, बाहेर जाऊन उभे राहिले आणि चारही मुलींना एकेक करून फोन लावला. मोठीने विचारलं असावं, काय झालं, अब्बा?

"कुछ नहीं, बेटा. धर्मा ने धक्का मारा."

चारही मुली आता रस्त्यात भेटल्या की मला ओळख दाखवत नाहीत. आणि मला अजून कळत नाही, खाली तर कुणीच पडलं नव्हतं.

*

आता शेवटचा.

पंकजसाठी उरणहून एक स्थळ आलं. मुलगी सानिका, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरीला. आई नाही, भावंडं नाहीत. बाप बबन नाखवा, स्वतःची बोट असलेला, बोलायला कमी. आमच्या दुकानाची कीर्ती उरणपर्यंत गेलीच होती. तरी ते येत होते, म्हणजे हे बहुतेक शेवटचंच स्थळ. हे गेलं की पंकज कायमचा माझ्या हातचा भात खाणार, आणि माझा भात कुत्रं पण हुंगून पुढे जातं.

आम्ही त्याला तयार केलं. मी म्हटलं, "विचारलं तर बाप्याच घेतो म्हणून सांग." मोरेश्वर म्हणाला, "बाजाराचं कारण सांग, कोळी माणूस हाय, समजंल." कुसुम पोहे परतताना म्हणाली, "हाय ते सांग. शिळा मासा ताजा म्हणून विकला तर गिऱ्हाईक एकदाच येतं."

पाहुणे आले. सानिकाने घरात न बसता दुकान बघायचं म्हटलं. सगळे खोलीत. नाखवाच्या हातात चहा. तिने इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं.

"तुम्ही बाई घेऊन खेळता?"

मी पंकजच्या पायावर पाय दिला.

"व्हय," पंकज म्हणाला.

नाखवाचा कप ओठापाशी थांबला.

"का?"

"बाप्या घेतला की मी माझाच विचार करतो. कुठं शायनिंग मारू, कुणाला पाडू. बाई घेतली की जरा थांबायला होतं. वाटतं हिला विचारावं, बाय, तुझं काय म्हणणं हाय."

मी मनात पोह्यांच्या प्लेटा मोजायला घेतल्या. सानिकाने शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

"मी बाप्या घेते."

"का?" आता पंकजने विचारलं.

"तो बाजारातून कितीही वेळ फिरला तरी कुणी विचारत नाही, एकटी कुठे चाललीस."

आणि दोघं खेळायला लागली. तिचा बाप्या पुढे, याची बाई मागे. दोघांनी मिळून एक पूल ओलांडला, एक लांडगा मारला. कोण कुणाला सांभाळतंय ते काही कळत नव्हतं. नाखवा बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या कानाशी येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला,

"धर्मा, मग ह्यात लग्न झाल्यावर नांदायला कोण कुणाकडं जातं?"

आता असा बॉल कोणी टाकला तर मी सोडतो होय? मीही तेवढाच गंभीर चेहरा केला.

"जी बाई, तीच जाते, नाखवा. रीतच हाय."

मोरेश्वर फिदीफिदी हसला. मी हसलो. नाखवा हसला नाही. त्याने कप खाली ठेवला.

"बरं. माझ्याकडं रस्त्यावरची खोली रिकामी हाय. पोर्टाची पोरं तिथूनच येतात-जातात, धंदा चांगला होईल."

मी पंकजकडे बघितलं. पंकज सानिकाकडे बघत होता. सानिकाने पडद्यावरची नजर काढली नाही.

"बाबा, त्या खोलीत विजेचे पॉईंट वाढवून घ्यावे लागतील."

लग्न आमच्याकडेच झालं. हळदीला मोरेश्वर इतका नाचला की ताशेवाला दमला. दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात लागला. कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून चढवले, पंकजची पेटी चढवली. सगळा पाडा जमला होता. नवरी टेम्पोत पुढे बसली होती, खिडकीची काच खाली करून.

कुसुम घरातून सूप घेऊन आली. त्यात तांदूळ, नारळ, हळदकुंकू, खण. बायकांनी नवरीकडे जायला वाट करून दिली.

कुसुम त्या वाटेने गेली नाही. ती पंकजसमोर येऊन उभी राहिली.

"सासऱ्याला उलट बोलू नको," ती म्हणाली. "सकाळी लवकर उठत जा. आणि काय लागलं तर फोन कर, मनात ठेवू नको."

मग तिने ओंजळीत तांदूळ घेतले आणि थांबली. मोरेश्वर तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागला. पंकजने माझ्याकडे पाहिलं. माझा आ वासलेलाच.

पंकजने सदऱ्याची पुढची टोकं दोन्ही हातांत धरली आणि ओटी पुढे केली.