डोळ्ळू शिकले त्या वर्षी

एम.कॉम.चं पहिलं वर्ष मी हुबळीहून ये-जा करून काढलं. आमचं घर कमरीपेठेत, विद्यापीठ धारवाडला. बस चांगली होती, बसायलाही मिळायचं. पण शेवटचा तास संपला की मी पिशवी उचलून थांब्याकडे निघायची आणि वर्गातल्या बाकीच्या मुली कँटीनकडे वळायच्या. दुसऱ्या दिवशी त्या कशावरून तरी हसत असायच्या, आणि मला विचारावं लागायचं, काय झालं?

दुसऱ्या वर्षी मी घरी म्हटलं, मला धारवाडात सप्तापूरला खोली करून राहायचंय.

आईला ते अजिबात पटलं नाही. "तासाभरावर घर असताना खोली कशाला? लोकांना वाटेल घरात भांडण झालं."

अप्पा गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. जेवताना ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "राहू दे की. कॉलेज म्हणजे नुसतं वर्गात बसणं असतंय होय?" आईनं त्यांच्या ताटात आमटी जरा जोरात वाढली, पण विषय तिथंच मिटला.

खोली पहिल्या मजल्यावर होती. तीन खाटा, एक खिडकी, भिंतीतलं एक कपाट. माझ्याबरोबर दोघी. एक विजापूरकडची, कन्नड विभागात शिकणारी, उंच, मोठ्या आवाजाची. दुसरी शिरसीची, रसायनशास्त्राची, बारीक आणि हळू बोलणारी. आमचं बोलणं कन्नडातून चालायचं. मी झोपेत मराठी बोलते हे मला त्या दोघींनी सांगितलं. काय बोलते ते कळत नाही, पण कुणाला तरी रागावते, एवढं नक्की.

घरमालकीणबाई खाली राहायच्या. त्यांनी खोलीत फक्त चहा करायला परवानगी दिली होती, तीही विजेच्या किटलीवर. शिरसीची भातावर वाढलेली. इथली ज्वारीची भाकरी तिला दोन दिवस नवलाची वाटली, तिसऱ्या दिवशी ती रडवेली झाली. चौथ्या दिवशी तिनं किटलीत तांदूळ शिजवायला घातले. किटली उतू गेली, पेज टेबलावरून जमिनीवर आली आणि करपल्याचा वास जिन्यातून खाली गेला. मालकीणबाई वर आल्या. आम्ही तिघी फडक्यानं जमीन पुसत होतो. त्यांनी किटलीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मीठ घातलंस का?"

"नाही," शिरसीची म्हणाली.

"मग कसा लागणार?" असं म्हणून त्या खाली गेल्या आणि वाटीभर भात घेऊन परत आल्या. पुढं दर रविवारी ती वाटी यायला लागली.

एरवी आम्ही गल्लीच्या टोकाच्या खानावळीत जेवायचो. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. भाकरी थापल्याचा आवाज बाहेरूनच ऐकू यायचा. ताटात गरम भाकरी, भरलं वांगं, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही. भाकरी संपत आली की अक्का न विचारता दुसरी टाकायच्या. नको म्हटलं तर म्हणायच्या, "नको कशाला? शिकायचं डोकं भाकरीवरच चालतंय." संध्याकाळी गिरमिट, म्हणजे चिंचेच्या आंबटगोड मसाल्यात कालवलेले चुरमुरे, आणि त्यासोबत मिरची भजी. ते खाऊन पुन्हा ग्रंथालयात जाऊन बसायचं. पहिल्या वर्षी मला हे ग्रंथालय संध्याकाळी कसं दिसतं तेसुद्धा ठाऊक नव्हतं.

विजापूरची मात्र संध्याकाळी आमच्यात नसायची. ती मुलींच्या डोळ्ळू पथकाची प्रमुख होती. डोळ्ळू म्हणजे मोठा ढोल. तो खांद्याला अडकवून कमरेला दोरीनं बांधायचा, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तळहात, आणि वाजवता वाजवता नाचायचं. युवा महोत्सव जवळ आला होता आणि पथकातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. विजापूरची खोलीत आली, मला उभी राहा म्हणाली, माझे खांदे दाबून पाहिले.

"तू ये."

"मला ताल कळत नाही."

"कळायला काय? हात आहेत ना?"

मी गेले. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. आमच्या पेठेत जयंतीच्या मिरवणुकीत ढोल नेहमी पोरंच वाजवायची. आम्ही मुली पांढऱ्या साड्या नेसून ओळीत चालायचो, आणि माझं सगळं लक्ष त्या ढोलांकडे असायचं.

पहिल्या दिवशी डोळ्ळू अंगावर चढवल्यावर मी पुढं वाकले ते सरळ होईना. काठी चुकीच्या वेळी पडायची. सगळ्या डावीकडे वळायच्या तेव्हा मी उजवीकडे. शिकवायला येणारे सर जवळच्या खेड्यातले होते, शांत स्वभावाचे. ते तोंडानं बोल म्हणून दाखवायचे, पण ते माझ्या डोक्यात टिकत नसत. एका संध्याकाळी पोटात भूक आणि समोर तोच न जमणारा ठेका, अशात माझ्या तोंडून मराठी निघालं: "भाकरी भाजी, भाकरी भाजी, दही दे, दही दे!"

हात बरोबर पडला. पुन्हा म्हटलं, पुन्हा बरोबर.

"हे काय म्हणतेस?" विजापूरचीनं विचारलं.

मी अर्थ सांगितला. ती इतकी हसली की तिला डोळ्ळू उतरवून खाली बसावं लागलं. दोन दिवसांत अख्खं पथक तेच म्हणायला लागलं. "दही दे" आलं की गुडघ्यावर बसायचं, असं ठरूनच गेलं. सरांनी एकदा कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "चालतंय. ताल सुटला नाही म्हणजे झालं."

त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा मी आईला सगळं उत्साहानं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "बरं आहे बाई, नीट जेव." मग अप्पांनी फोन हातात घेतला.

"ढोल वाजवतेस?"

"डोळ्ळू, अप्पा. महोत्सवात."

"कुणी सांगितलं वाजवायला?"

"मैत्रिणीनं विचारलं. मी हो म्हटलं."

ते असं का विचारतात, मला माहीत होतं. माझा आजा बेळगावकडच्या एका खेड्यातला. गावात लग्न असो, जत्रा असो, कुणाचं मयत असो, हलगी आमच्याच घरानं वाजवायची. हाक आली की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. बौद्ध झाल्यावर आज्यानं हलगी खाली ठेवली. गावानं त्याचं जगणं अवघड केलं, तेव्हा तो बायको-पोरं घेऊन हुबळीला आला आणि हमाली करू लागला. पुन्हा त्यानं कुठलंही वाद्य हातात घेतलं नाही. घरात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जायची. अप्पांना काय वाटत असेल ते मला फोनवर कळत होतं.

मग तेच म्हणाले, "नाही म्हणायचं असलं तर म्हणता येतंय ना तुला?"

"येतंय की."

"मग वाजव," ते म्हणाले. आणि फोन आईकडे देता देता, "मी येऊ का बघायला?"

महोत्सवाच्या दिवशी सकाळपासून भुरभुर चालू होती. धारवाडची ती भुरभुर अंगाला लागतही नाही आणि कपडे मात्र ओले करते. दमट हवेनं डोळ्ळूंची कातडी सैल पडली. काठी मारली की घुमण्याऐवजी उशीवर मारल्यासारखा आवाज. शिरसीची आमच्या गजऱ्यांची पिशवी घेऊन उभी होती. ती धावत अक्कांच्या खानावळीत गेली आणि लोखंडी घमेल्यात निखारे घेऊन रिक्षातून आली. बारीक आवाजाच्या त्या मुलीनं रिक्षावाल्याला कसं पटवलं देव जाणे. मंडपामागं पत्र्याखाली आम्ही निखाऱ्यांभोवती डोळ्ळू फिरवत बसलो. सर एकेकावर टिचकी मारून ऐकत होते. हळूहळू आवाज ताणून यायला लागला.

मंचावर गेल्यावर मी अप्पांना शोधलं. ते मधल्या रांगेत बसले होते, कामावरच्या निळ्या शर्टातच. शेजारी आई, मांडीवर डबा.

सुरुवात छान झाली. सगळ्या एका तालात होतो. मग मधल्या फेरीत, उडी मारून वळताना माझ्या कमरेची दोरी सुटली. डोळ्ळू खाली घसरून गुडघ्यांवर आला. पाय उचलता येईना. मी वाजवत राहिले, पण नाचणं थांबलं, आणि पुढच्या क्षणाला मागची मुलगी माझ्यावर येऊन आदळणार होती.

विजापूरचीनं ते पाहिलं. "दही दे! दही दे!" ती ओरडली.

वेळ नव्हती ती. अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. पण सवयीनं सगळ्याजणी एकदम गुडघ्यावर बसल्या. मीही बसले, डोळ्ळू जमिनीला टेकला, आणि आम्ही बसूनच वाजवायला लागलो, आधी हळू, मग जोरात, मग इतकं जोरात की मंचाच्या फळ्या थरथरल्या. तेवढ्यात शेजारचीनं एका हातानं ताल धरून दुसऱ्या हातानं माझी दोरी ओढून गाठ मारली. उठलो तेव्हा मंडपात शिट्ट्या चालू होत्या. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर एका मुलांच्या पथकाला मिळाला आणि ते खरंच आमच्यापेक्षा चांगले होते. विजापूरचीला हे मान्य करायला दोन दिवस लागले.

नंतर सगळ्या अक्कांच्या खानावळीत गेलो, आई-अप्पांनाही घेऊन. आईनं डब्यातल्या पुरणपोळ्या वाटल्या. अप्पा बाकावर अंग चोरून बसले होते. विजापूरचीनं त्यांच्या ताटात चटणी वाढली आणि कन्नडातून विचारलं, "अप्पाजी, कसं झालं? खरं सांगा."

अप्पा म्हणाले, "दोरीची गाठ चुकीची होती." सगळ्या हसल्या. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि माझ्याकडे बघत मराठीत म्हणाले, "माझा बाप फार छान वाजवायचा. तुला सांगितलं नाही कधी. शेजारच्या गावची माणसं ऐकायला यायची."

मी आजवर एवढंच ऐकलं होतं की आज्यानं हलगी सोडली. त्याला ती आवडत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मग सोडताना वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाटलं असेल की. बोलला नाही कधी. पण बाकावर बसला की बोटं चालायची त्याची." अप्पांनी दही मागितलं. अक्कांनी वाटी पुढं केली आणि त्यांच्या नको-नकोकडं दुर्लक्ष करून आणखी एक भाकरी टाकली. आई म्हणाली, घरी इतकं कधी खात नाहीत. शेवटची बस निघायच्या आत त्यांना थांब्यावर सोडून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी कॉस्टिंगची चाचणी होती. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शिरसीचीनं मला खाटेवर बसवलं, माझे केस विंचरले, घट्ट वेणी घातली आणि तोंडानं सूत्रं म्हणून घेतली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी अडखळले की ती वेणी ओढायची. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि खाली मालकीणबाई भुईमुगाच्या ओल्या शेंगा वाळत घालत होत्या. विजापूरची पांघरूण डोक्यावर घेऊन झोपली होती. मला चाचणीची जराही भीती वाटत नव्हती.