उधाणाची पातळी

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. भाजीवाल्याशी केलेली घासाघीससुद्धा मी त्याला घरी येऊन सांगते – आणि हे मात्र इतकी वर्षं पोटात ठेवलंय. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी पंपांची इंजिनिअर. राहते डोंबिवलीत, ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. शहराचं सांडपाणी उताराने वाहत एका खोल विहिरीत जमतं, तिथून पंप ते उचलून पुढे शुद्धीकरणाला ढकलतात. ते पंप कमी बिघडावेत आणि कमी वीज खावेत, हे बघणं माझं काम. लोक नाक धरतात. मला त्या कामाचा अभिमान होता. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी आकडे फिरवले की मी चष्मा सावरून सुनावते. हिला खोटं खपत नाही, असं सगळे म्हणतात. खपत नाही!

तर – ठाण्याला खाडीच्या काठचं एक पंपिंग स्टेशन आमच्या कंपनीकडे देखभालीला आलं. तिथे मधुकर भोईर ऑपरेटर होते. शेजारच्याच कोळीवाड्यातले, पंचावन्नच्या आसपासचे. पंपाचा आवाज जरा जड झाला की ‘चिंधी अटकली’ म्हणून सांगायचे, आणि उघडून बघितलं की चिंधी निघायचीच. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ते बोटांवर भरतीची वेळ काढायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी विहीर उपसून ठेवायची, ही त्यांची पद्धत. जुन्या गटारांच्या सांध्यांतून खाडीचं पाणी आत शिरतं आणि विहिरीला एकदम लोंढा येतो, म्हणून.

मला ते अडाणीपणाचं वाटलं. का? कुठल्या पुस्तकात नव्हतं म्हणून? मी नवं पॅनल बसवलं. विहिरीतलं पाणी ठरावीक पातळीला आलं की पंप आपोआप सुरू. ती पातळी मी बरीच वर नेली – पाणी जितकं वर, तितकं उचलायचं अंतर कमी, तितकी वीज कमी. गणित बरोबरच होतं. विहिरीवर लोखंडी झाकणही मीच बसवून घेतलं. आता आत डोकावायची गरज काय?

भोईर मात्र ऐकेनात. “मॅडम, रोज काय ता करा. पन उधानाला हीर रिकामी पायजे. खालच्या घरांत पानी घुसंल.” शेवटी असं ठरलं, की उधाणाच्या आदल्या दिवशी ते फोन करतील आणि मी ऑफिसातून पातळी खाली आणीन. पासवर्ड माझ्याकडेच ठेवला; त्याशिवाय स्टेशनवर पातळीचा आकडा ना दिसायचा, ना बदलायचा. वर्षभर हे नीट चाललं, एकदाही कुणाच्या घरात पाणी घुसलं नाही.

मग तो मे महिना आला. वीज किती वाचली ते बघायला वरचे अधिकारी येणार होते. माझ्या उतरत्या आलेखावर दर उधाणाला टेंगूळ यायचं. या वेळी ते नको होतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भोईरांचा फोन आला – “मॅडम, केला का कमी?”

“हो, केलं,” मी म्हणाले.

केलं नव्हतं. विसरले असते तर – पण विसरले नव्हते, स्क्रीन समोरच होता. एका उधाणाने असं काय होणार आहे, असं वाटलं. आणि खरं सांगू? त्या माणसाचं दरवेळी खरं ठरतं, याचा मला राग होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोळीवाड्यातल्या खालच्या घरांच्या मोऱ्यांतून काळं पाणी वर आलं. भोईरांची विधवा बहीण, हिराबाई, तिथेच राहायची. तिची आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापुरती साठवण झालेली – सुके बोंबील, सुकट, तांदूळ, सगळं खाली मांडलेलं. ते सगळं घाणीत गेलं. मी पोचले तेव्हा ती एकेक डबा उचलून रस्त्याच्या कडेला रिकामा करत होती. रडत नव्हती.

पण हे नंतर पाहिलं. आधी काय केलं? आधी ऑफिसात बसून पातळी खाली आणली, जुन्या आकड्याची नोंद पुसली, आणि मग गाडीत बसले.

चौकशीत विचारलं – पातळी तर बरोबर आहे, मग झालं कसं? पंपाआधीच्या जाळीत पिशव्या-चिंध्या अडकल्या होत्या. एवढ्या लोंढ्यानंतर त्या अडकणारच. मी लिहून दिलं, की ऑपरेटरने जाळी साफ केली नव्हती. खाली सही केली. सकाळी जाळी साफ केल्याचं भोईरांनी स्टेशनच्या वहीत वेळेसकट लिहिलं होतं. ते पान मी वाचलं होतं.

त्यांना काढून टाकलं. नोकरी गेली ते एक वेळ सोडा – सोडा म्हणणारी मी कोण? – पण घरं बुडाली ती त्यांच्याच माणसांची. शेजारी बोलेनासे झाले. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला हिराबाईने भावाला राखी बांधली नाही. नव्या ऑपरेटरने हे मला सहज सांगितलं. मी तेव्हा चहा पीत होते. तो संपवला. मला त्या वर्षी आणखी तीन स्टेशनं मिळाली.

त्यानंतर भोईर एकदाच माझ्यासमोर आले. वागळे इस्टेटच्या ऑफिसात, दुपारी. मला वाटलं, यांना कळलं. ते उभेच राहिले.

“मॅडम, तुमी पातली कमी केली व्हती. मंग मीच चुकलो असंन. जाली घाईत काढली असंल. तुमचा नाव खराब झाला माज्यापायी.”

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

“होतं असं, भोईर,” मी म्हणाले. “मी काही मनात ठेवलेलं नाही.”

त्यांनी डोळे पुसले आणि मला हात जोडले. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. मलाही बरं वाटलं.