मुकं यंत्र, अर्धी तुळस

भागीरथीचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या चरवीत ती आधी बोट बुडवून बघे, चिंचवालीच्या तागडीखाली मेण लावलंय का ते चाचपे, आणि देवळातलं तीर्थसुद्धा हुंगून पिई. "तिच्या घरची मांजरंही दुधाचा वास घेतल्याशिवाय तोंड लावत नाहीत," असं शेजारच्या सुशीलाबाई म्हणत. हुबळीच्या दुर्गद बैल चौकाजवळच्या त्या बोळात हे सगळ्यांना पाठ होतं.

नवरा तेवढा या संशयातून सुटला होता, कारण अप्पाजींमध्ये संशय घ्यावा असं काही सापडतच नसे. पुढच्या खोलीत शिलाईची मशीनं दुरुस्त करायची, मागच्या खोलीत मोडकं सामान साठवायचं आणि ताटाकडे बघत मुकाट जेवायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. नवं काही डोक्यात आलं तर तोंडाला कुलूप. त्यालाही कारण होतं. एकदा त्यांनी पायाने चालणारी खवणी केली होती, आणि तिने खोबऱ्याची पहिलीच वाटी आढ्याला नेऊन आपटली. बोळ वर्षभर हसला. सगळ्यांत मोठ्याने भागीरथी हसली.

पस्तीस सालच्या दिवाळीनंतर अप्पाजींनी दाताच्या एका डॉक्टरांनी मोडीत काढलेलं, पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र घरी आणलं आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत खडखडाट सुरू झाला.

"काय चाललंय हो?" भागीरथीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

माणूस काही नाही म्हणाला की काहीतरी असतंच, हे भागीरथीचं जुनं मत.

मग एके दुपारी कलघटगीकडची यल्लव्वा दारात आली. गोंदणारी. डोक्यावर टोपली, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण, आणि कुणाला न भिणारं हसू. "अण्णा अदारेन्री?" म्हणजे अण्णा आहेत का, असं विचारून, उत्तराची वाट न बघता ती मागच्या खोलीत गेली. दार पुन्हा लागलं. भागीरथीच्या मनात पाल चुकचुकली.

या गोंदणाऱ्या बायांवर तिचा आधीपासूनच राग होता. लहानपणी अशाच एकीने तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदायला घेतलं, आणि सुई टोचताच हिने हात ओढून धूम ठोकली. तुळस अर्धीच राहिली. सासूने मरेपर्यंत ऐकवलं, "मेल्यावर बरोबर येतं ते गोंदण, आणि आमची सून तेही अर्धवट घेऊन जाणार."

आत काय चाललं होतं ते तुम्हाआम्हाला कळायला हरकत नाही. अप्पाजी गोंदायचं यंत्र बनवत होते. पायाने पट्टी दाबली की मोठं चाक फिरे, दोरीने छोटं चाक फिरे, आणि त्या छोट्या चाकावर मध्य सोडून ठोकलेला खिळा सुईची दांडी वर-खाली नाचवी. यल्लव्वा हाताने एकदा टोचे तेवढ्यात हे दहादा टोचे. पण आवाज असा की एखादी बैलगाडीच दगडावरून चाललीय. यल्लव्वाने बजावलं होतं, "सप्पळ नको अण्णा. आवाजाला बाई भिती, हात ओढती, मग रेघ वाकडी. आणि सुई घसरायला नको. तसं जमलं तर शिवरात्रीच्या जत्रेला मी नेते." अप्पाजींच्या हातची एक वस्तू पहिल्यांदाच हसं न होता उंबऱ्याबाहेर पडणार होती. म्हणूनच ते गप्प होते.

भागीरथीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला फक्त भिंतीपलीकडचा आवाज ठाऊक होता, आणि त्या आवाजाचा तिला मोठा आधार होता. खडखड चालू आहे तोवर नवरा यंत्राशी आहे, भाकरी निवांत थापावी. पण तो आवाज कमी व्हायला लागला! दोरीची गाठ चाकावर आपटून टक टक होई, ती अप्पाजींनी गाठ सोडून टोकं एकमेकांत पिळली तशी थांबली. दांडीच्या ज्या भोकात खिळा फिरे तिथे पितळेची नळी बसली आणि खडखडीची घरघर झाली. खिळ्यासमोर चाकाला शिशाचा गोळा लागला, तशी घरघरीची गुणगुण झाली. यंत्र जसजसं मुकं होत गेलं तसतशी भागीरथीची झोप उडत गेली. यल्लव्वा आली की तर आतून काहीच ऐकू येत नसे.

त्यात घरातलं एरंडेल निम्मं झालं. अप्पाजी भर दुपारीही बाह्यांची बटणं लावू लागले. आणि अंघोळीच्या वेळी तिला त्यांच्या हातावर बारीक काळे ठिपके दिसले.

"हे काय?"

"ढेकूण चावले."

तिच्या घरात ढेकूण! रोज गाद्या उन्हात टाकणाऱ्या बाईला हे सांगायचं! पाणी कुठेतरी मुरतंय याबद्दल आता तिला शंकाच उरली नाही.

शिवरात्र तोंडावर आली होती. दुपारी भागीरथी आमटी ढवळत होती आणि मागच्या खोलीत चिडीचूप. तिने स्वयंपाकघरातून डोकावलं. मागच्या खोलीच्या बंद दाराशी यल्लव्वाची टोपली, चपलाही तिथेच. बोलणं नाही, गुणगुण नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पळी टाकून, पदर खोचून तिने दार ढकललं आणि नवऱ्याच्या पाठीत दोन्ही हातांनी धक्का मारला.

"कुठंय ती?"

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. यल्लव्वा मागच्या दाराने परसातल्या विहिरीवर सुया धुवायला गेली होती. अप्पाजी एकटेच स्वतःच्या हातावर शेवटची चाचणी घेत होते. धक्क्यासरशी सुई मनगटापासून कोपरापर्यंत फाडत गेली. रक्तात गोंदणाचं काजळ मिसळून खाली ओघळत होतं. यंत्राचं चाक अजून फिरत होतं, आणि त्याचा कणभरही आवाज नव्हता.

भागीरथीला तेव्हा कळलं. ढेकूण कळले, चाकाच्या वंगणाला गेलेलं एरंडेल कळलं, सगळं कळलं.

ओल्या सुया घेऊन यल्लव्वा दारात थबकली. "अय्य! सुई घसरली काय अण्णा?"

अप्पाजींनी एकदाच बायकोकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. घसरली."

"मग मला नको हे. बाईच्या हातावर असं झालं तर जत्रेत माझी टोपली फोडतील." यल्लव्वाने टोपली उचलली.

हा माणूस स्वतःच्या यंत्रावर कधी खोटा आळ घेणार नाही, अशी भागीरथीची खात्री होती. तो त्याने घेतला, आणि परक्या बाईसमोर तिची लाज राखायला घेतला. ती सरळ खाली बसली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात पुढे केला.

"यल्लव्वा, टोपली ठेव. ही तुळस अर्धी आहे, पुरी कर. अहो, तुम्ही पट्टी दाबा."

"अक्का, सुई घसरती म्हणाले की अण्णा."

"घसरली नव्हती. मी ढकललं. आता ढकलणारीचाच हात तुझ्यासमोर आहे, घाल सुई."

यल्लव्वाने अप्पाजींकडे बघितलं. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि पाय पट्टीवर ठेवला. चाक फिरलं. सवयीने भागीरथीने कान टवकारले, पण तिला परसातल्या कावळ्याखेरीज काही ऐकू आलं नाही. सुई टोचली. डोळ्यांत पाणी आलं. तिने हात ओढला नाही.

यंत्र जत्रेला गेलं. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवणं मात्र भागीरथीने सोडलं नाही. अप्पाजींच्या हातावरची ती लांब हिरवी रेघही कधी गेली नाही. दुकानात कुणी गिऱ्हाईकाने विचारलंच, तर ते मान खाली घालून म्हणत, "सुई घसरली." आणि आतून फोडणी टाकता टाकता भागीरथी ओरडे, "खोटं! मी ढकललं."