पुलावरची शिट्टी

आईच्या माहेरगावात मंत्री आला असता तरी एवढी धांदल उडाली नसती! निमित्त होतं लेकींच्या मेळाव्याचं. गावात जन्मून लग्नाने बाहेर गेलेल्या सगळ्याजणींना गावाने साडीचोळीसाठी बोलावलं होतं. हदगावहून मंडप आला होता, स्पीकर कोकलत होता, आणि माझी आई सरस्वतीबाई दिसेल त्याला धरून विचारत होती, "ड्रायव्हरदादा आले का?"

तिने अटच घातली होती. "त्यांना बोलवा, न्हाई तर मी येत न्हाई." लातूरपासून इथवर मी तिला खोदून खोदून विचारलं, एवढं काय काम आहे? तर म्हणे, "त्यांना एक गोष्ट सांगायची हाय. फकस्त त्यांना. तुला न्हाई, जया." पोटच्या पोरीला नाही! मला असा राग आला म्हणता!

ड्रायव्हरदादा म्हणजे शेषेराव. मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या छोट्या लाईनवर कोळशाचं इंजिन चालवायचे. आईचं गाव रेल्वेच्या हॉल्टपासून कोसभर आत. तेव्हा ना फोन, ना ऑटो. माहेरी आलेली लेक डोक्यावर बोचकं घेऊन चिखल तुडवत यायची. शेषेरावांना ते बघवेना. मग त्यांनी आपल्या मनानेच एक पद्धत पाडली. मुदखेडला गाडी सुटण्याआधी ते डब्यांवरून एक चक्कर मारायचे आणि बायकांना विचारायचे, "कोण्या गावची लेक गं तू?" या गावची निघाली की हॉल्टच्या अलीकडे ओढ्याच्या पुलावर एक लांबलचक शिट्टी आणि मागोमाग दोन आखूड.

आता गंमत अशी, की लेक आली एवढं शिट्टी सांगायची. कोणाची, ते नाही! त्यामुळे ज्याची ज्याची लेक सासरी, तो प्रत्येक बाप बैल जुंपून निघायचा. उतरायची एक, आणि न्यायला पाच-सहा बैलगाड्या! ज्यांची आली नाही तेही तिचं बोचकं आपल्याच गाडीत ठेव म्हणून हट्ट धरायचे.

वरच्या साहेबाने एकदा हटकलं, पुलावर सारखं काय वाजवतोस? शेषेराव म्हणाले, "म्हशी लई येतात साहेब रुळावर." ते निवृत्त होईपर्यंत या म्हशी येतच राहिल्या.

दुपारी मामेभाऊ बालाजीची जीप आली आणि एकच गलका झाला. जीपमधून पांढरा शर्ट घातलेले, काठी टेकत, वाकलेले शेषेराव उतरले. नातवंडं असलेल्या बायका पोरींसारख्या धावल्या. कोणी पाया पडतंय, कोणी फोटो काढतंय, कोणी नुसतीच रडतेय. आईने सगळ्यांना बाजूला सारून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कानाशी लागून हळूच काहीतरी सांगितलं.

"आं?" शेषेराव म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं.

"आं?"

बालाजी म्हणाला, "आत्या, इंजिनानं कान खाल्ले त्यांचे. वरडल्याबिगर ऐकूच येत न्हाई."

आईने मंडपाकडे पाहिलं. अख्खं गाव बसलेलं. मी म्हटलं, "राहू दे आई, घरी नेऊन सांग."

"घरी बी वरडावंच लागंल की," ती म्हणाली. तिने पदर खोचला आणि घसा फोडून ओरडली.

"दादा, मी एकदा सासरहून भांडून निघाले व्हते! कुणाला न सांगता! बापाला तोंड कसं दावू म्हणून हितं उतरणारच नव्हते! गाडी जाईल तिकडं जाणार व्हते! तुम्ही पुलावर शिट्टी मारली. म्हणलं, आता माझा बाप बैल जुंपून निघाला असंल. मंग उतरले!"

स्पीकरवाल्याने गाणंच बंद केलं. आमची आई, आणि कुठे गेली असती ती?

शेषेरावांनी तिचं मनगट धरलं.

"बैलगाडी आली व्हती का गं माय?" त्यांनी विचारलं. "मला कधी बघायलाच मिळालं न्हाई. शिट्टी मारायचो, लेकीला उतरवायचो, की टाईम झाला, निघा. म्होरं लगेच वळण. घरी जाऊन जेवायला बसलं तरी डोक्यात तेच. पोरीला न्यायला कुणी आलं असंल का न्हाई?"

आईचा आवाज बसला होता. तरीही ती त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "आली व्हती, दादा! बाप सगळ्यांच्या म्होरं व्हता!"

मागून आईच्याच वयाच्या गुरम्मा मावशी उठल्या. "माझी बी आली व्हती, ड्रायव्हरदादा!"

आणि मग सगळा मंडपच ओरडायला लागला.