हरभऱ्याची आंघोळ

हसाचं नाही, आधीच सांगून ठेवते. चहा नाकातून आला त मी जबाबदार नाही.

लग्नानंतरची माही पहिलीच हरभऱ्याची पेरणी. मी खामगावची, बाजारात वाढलेली. वावर पाह्यलं ते एसटीच्या खिडकीतून. सासर धामणगाव बढ्याचं, अन् आत्याबाई, म्हणजे माही सासू, कामाले वाघीण. त्यायच्या तोंडून एकदा तरी ‘सून कामाची हाय’ ऐकाचं, बस, दुसरं काही नको होतं मले.

त्या दिवशी सारे वावरात गेले. मागच्या खोलीत पाह्यते त काय, ताडपत्रीवर हरभरा पसरलेला, काळाकुट्ट, चिकट, वरून मुंग्या! उद्या पेराचं बियाणं, अन् त्याची ही दशा? कोणाच्या हातून काय सांडलं, देव जाणे. म्हटलं, बाई, हाच मोका हाय.

साध्या पाण्यानं चिकटा निघेना. मग बंबातलं कढत पाणी ओतलं, खसाखसा चोळलं. असा चमकला म्हणता! नेऊन गच्चीवर भर उन्हात वाळत घातला.

संध्याकाळी आत्याबाईले हाताले धरून वर नेलं. त्यायनं हरभऱ्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् मटकन खालीच बसल्या.

“काऊन धुतला वं माय?”

“मळला होता ना.”

मग मामाजीनं, म्हणजे सासऱ्यानं, समजावलं. ते काळं म्हणजे जिवाणूचं खत. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याले चोळतात अन् सावलीत सुकवतात. ते जिवाणू मुळाले गाठी करून राहतात, हवेतलं नत्र झाडाले देतात. त्यायले ऊनसुद्धा सोसत नाही. अन् मी? कढत पाण्यानं न्हाऊ घालून वरून उन्हात शेकले! बियाणंही शिजलं ते वेगळंच.

मले रडूच कोसळलं. माह्यापायी पेरणी अडली ना! आत्याबाई रागावल्या नाहीत. शेजारून बियाणं आणलं, पुन्हा गूळ कालवाले बसल्या. मग माह्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणल्या, “तू दोन दिवस माहेरी जाऊन ये, बाई.”

तवापासून दरसाल हेच. पेरणी आली की गावातल्या साऱ्या सुना कामात बुडालेल्या, अन् आत्याबाई माही पिशवी स्वतः भरतात, वरून लाडवाचा डबा. एसटीत बसवूनच परततात.

अन् खामगावात माही आई गल्लीभर सांगत फिरते, “आमच्या पोरीची सासू लय मायाळू. ऐन पेरणीतही तिले माहेरी धाडते.”

मी गुमान लाडू खाते.