मोठ्या गुरुजींची खुर्ची

शेवाळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होते. रविवार होता. फोनवर वहिनी होत्या, सरांच्या मिसेस. "मॅडम, सर गेले हो," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा मागितला, कप हातात घेतला आणि मान टाकली, हे मला नंतर त्यांच्या मुलीनं सांगितलं. पिठाचे हात तसेच घेऊन मी खाली बसले. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते भलतंच. आता उद्यापासून शाळेतली ती खुर्ची कोण पुसणार?

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. कार्यालयाचं कुलूप मीच उघडलं, शनिवारी लावलंही मीच होतं. टेबलाखाली नीट सरकवलेली मुख्याध्यापकांची हाताची खुर्ची बाहेर ओढलेली होती, जराशी तिरकी. बसलेला माणूस उठून गेला की राहते ना, तशी. मी विज्ञान शिकवते. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना पोरांसमोर झापते. तेव्हा म्हटलं, बाई, तूच गडबडीत तशी ठेवली असशील. खुर्ची आत सरकवली आणि शोकसभेच्या तयारीला लागले.

या खुर्चीची गोष्ट सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. आमची शाळा सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. चारी बाजूंनी द्राक्षबागा. तिथे फार जुनी रीत आहे: ज्याच्या नावाची मुख्याध्यापकपदाची ऑर्डर आहे, त्यानंच त्या खुर्चीत बसायचं. प्रभारी, म्हणजे नुसता कारभार सांभाळणारा, त्यानं शेजारच्या बिनहाताच्या खुर्चीत बसायचं. लेखी कुठेच नाही, पण गावातल्या म्हाताऱ्यांनाही माहीत. बाकीच्या शाळांत प्रभारी खुशाल टेकतात, कोण विचारतंय! पण आमच्याकडे वयानं मोठे म्हणून प्रभारी झालेल्या सरांनी ती रीत अशी काही पाळली की मीच चिडायचे. त्यांचं वय झालेलं, कंबर दुखणारी, आणि शेजारी गादीची खुर्ची रिकामी. जेवणाच्या सुट्टीत तरी टेका म्हटलं, तर हसून म्हणायचे, ऑर्डर येऊ द्या.

ऑर्डर येत नव्हती, कारण ज्येष्ठतेचं भांडण मिटत नव्हतं. सर मूळचे येवल्याकडचे. घरात पैठणीचे माग, वडील विणकर. नोकरी मात्र लागली ती पार कोकणात, डोंगरातल्या एका वाडीवर. तिथे पावसात गळणाऱ्या एकाच खोलीत चारी वर्ग बसवून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. पुढे वडील गेले, आई एकटी पडली, तिची नजर गेली. म्हणून सरांनी जिल्हा बदलून घेतला. आता आमच्या नोकरीतला नियम असा की स्वतःच्या विनंतीनं दुसऱ्या जिल्ह्यात आलात की ज्येष्ठता गेली, रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहायचं. पगार चालू राहतो, पेन्शनला वर्षं धरतात, पण बढतीच्या वेळी ती वर्षं नसल्यासारखीच. मी कॉलेजात होते तेव्हा सर पोरांना बाराखडी शिकवत होते, आणि तरी बढतीच्या यादीत मी वर आणि सर खाली. त्यांची माझी यावरून खूप थट्टा चालायची. मला ते "आमच्या ज्येष्ठ" म्हणून हाक मारत, तीही सगळ्यांसमोर.

थट्टा होती तरी आत दुखत होतं. त्यांनी हरकत घेतली. सुनावण्या झाल्या, पुढच्या तारखा पडल्या, संघटनेत दोन तट झाले आणि आमच्या शाळेतली जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली. एका सुनावणीला मीही सोबत गेले होते. साहेबांनी विचारलं, गुरुजी, रिटायरमेंट जवळ आली, आता पगारात फरक तो काय पडणार, कशासाठी ताणताय? सर उभे राहिले. "साहेब, पैशाचं नाय. माझी कोकणातली वर्षं कुठं गेली ते सांगा. त्यांना बसायला एक जागा द्या, बास." साहेबांनी पुढची तारीख दिली.

दरम्यान त्या रिकाम्या खुर्चीचं आपलं आपणच काहीतरी सुरू झालं. सर रोज आधी खुर्ची पुसायचे. कार्यालयात शिरताना उंबऱ्यावर थांबून "येऊ का?" विचारायचे. खोलीत कुणी नसलं तरी. थोडं थांबून मग आत यायचे. सुरुवातीला गंमत होती, मग सवय झाली. पहिलीच्या पोरांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, तिथे कुणीतरी आहेच. त्यांनी त्या कुणाचं तरी नाव ठेवलं, मोठे गुरुजी. सुट्टी हवी असली की पोरं चिठ्ठी सरांच्या हातात न देता खुर्चीत ठेवायची. सर म्हणायचे, राहू दे तिथंच, बघतील. एकदा मी पोरांना बोलले, अरे, कोण बसलंय तिथे, काहीतरी काय! एक चिमुरडी माझ्याकडे अशा दयेनं बघायला लागली की मीच ओशाळले.

दसऱ्याच्या आधी निकाल लागला. सरांची हरकत फेटाळली. आणि आमच्याच शाळेवर मुख्याध्यापक म्हणून ऑर्डर आली, माझ्या नावाची. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तडक सरांकडे गेले, म्हटलं, मी नाकारते, लेखी देते. त्यांनी मला त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झापलं. "मॅडम, खुळ्यासारखं करू नका. तुम्ही नाकारलं तर तिसराच कुणीतरी येईल. मला चार्ज द्यायचाच हाय, तर तुम्हाला देऊ द्या."

चार्ज देण्याच्या दिवशी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, तांदळाच्या पोत्यांपासून प्रयोगशाळेतल्या मोडक्या सांगाड्यापर्यंत सगळं दाखवलं. मग खुर्ची पुसली, बाहेर ओढली आणि म्हणाले, बसा. माझ्याच्यानं बसवेना. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी दार लोटलं आणि म्हटलं, सर, आधी तुम्ही बसा. एकदाच. कुणी बघत नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. बोटं लाकडावरून फिरवली. मला वाटलं, बसतात आता... आणि चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"नको," ते हळूच म्हणाले. "ते बसलेत."

कोण, असं मी विचारलं नाही. सर हसतील, आमच्या ज्येष्ठ घाबरल्या म्हणतील, म्हणून वाट बघितली. ते हसले नाहीत. खुर्ची अलगद आत सरकवली, आणि जाताना उंबऱ्यावर मागे वळून मान लववली, ती मला नव्हती. त्याच आठवड्यातल्या रविवारी वहिनींचा फोन आला.

दुखवटा म्हणून मी आठवडाभर बिनहाताच्या खुर्चीत बसायचं ठरवलं. आठवडा संपला, पण मी काही उठले नाही. लोक म्हणतात, मॅडमनी सरांचा मान ठेवला. ठेवला असेल, पण खरं कारण तेवढंच नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारे अधिकारी, भेटीला आले. बाहेरून बदलून आलेले, सरांना ओळखतही नव्हते. मोबाईलवर बोलत बोलत सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले, आणि बसल्याबरोबर उठले. गादीवर हात फिरवून मला विचारलं, आत्ता इथून कोण उठून गेलं? गादी गरम आहे. मी म्हटलं, ऊन येतं खिडकीतून. त्या खिडकीतून ऊन येत नाही, ती उत्तरेला आहे. केंद्रप्रमुख उरलेला वेळ उभेच राहिले आणि लवकर निघाले.

सर, मला तुमचा राग येतो. इतकी वर्षं ताठ बसून कंबर मोडून घेतलीत, त्या गादीवर दोन मिनिटं टेकला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? वहिनी सांगत होत्या, घरीसुद्धा शेवटी शेवटी स्टुलावर बसायचे. मी शोकसभेत चांगलं बोलले, नियमाला धरून राहणारे आदर्श शिक्षक वगैरे. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. नियमाला धरून राहिलात म्हणूनच तर राहून गेलं ना सगळं!

सुट्टीनंतर शाळा उघडली. द्राक्षबागेच्या कामाला सुरगाण्याकडची कुटुंबं येतात, त्यांची पोरं हंगामापुरती आमच्याकडे बसतात. त्यातली एक सहा-सात वर्षांची पोर, गावात येऊन एकच दिवस झालेली, नाव घालायला एकटीच आली. बाप बागेत, आई बागेत. ती आमच्या उंबऱ्यावर थांबली. मी बिनहाताच्या खुर्चीतून म्हटलं, ये गं आत. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. टेबलाच्या पलीकडे, त्या हाताच्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. थोडं थांबली... मग मान हलवली आणि आत आली.

मी विचारलं, मी बोलावलं तेव्हा का नाही आलीस?

"त्या बाबानं ये सांगला," ती म्हणाली, "मंग आली."

माझ्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला सांगू, दुसऱ्याच क्षणी छातीवरचं काहीतरी उतरलं. मी तिला विचारलं, बाबा उभा आहे का गं? तिला प्रश्नच वेडगळ वाटला असावा.

"नाय," ती म्हणाली. "बसलाय."

आता रोज सकाळी मी खुर्ची पुसते. पण आधी उंबऱ्यावर थांबते आणि विचारते, येऊ का, सर?