वीतभर कोरफड आणि काळी माती

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. पिवळ्या, गुलाबी, हलक्या कागदावरची. बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला होते. सुटीच्या दिवशी ते पत्रकं लिहायचे आणि वडनेरपासून अल्लीपूरपर्यंतच्या बाजारांत वाटायचे. मजुरी, दारू, हुंडा, अंगारे-धुपारे हे त्यांचे विषय. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पत्रकांवरूनच. बारावीत गेले तेव्हा जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती, आणि ती मोठ्या आवाजात सांगायची सवयही लागली होती.

त्याच वर्षी बाबांची फुप्फुसं थकली. इतकी वर्षं कापसाचा धुरळा आत गेला होता. दोन हजार साल उजाडायला वर्षभर बाकी असेल. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, आराम द्या. त्याचा अर्थ मला आणि आईला कळला. परतताना बस जाम गावाला थांबली. चौरस्त्यावर एक म्हातारी ट्रकवाल्यांना लिंबू-मिरची आणि कोरफडी विकत बसायची. आई खाली उतरली आणि पदराखाली काहीतरी झाकून परत चढली.

दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीला कोरफड लटकलेली दिसली. वीतभरच होती, आखूड जाड पानांची, पानांवर पांढरे ठिपके. मुळं वर, पानं खाली. अशी टांगलेली कोरफड घरावरची पीडा आपल्या अंगावर घेते आणि सुकत जाते, असं गावात मानतात. आजोबांनी छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. त्याच घराच्या दारात हे. मी स्टुलावर चढून ती ओढून काढली आणि आईला ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. बाबांच्याच पत्रकातली वाक्यं होती. आई खाली बघत तांदूळ निवडत राहिली.

फेकायला निघाले तर बाबा खाटेवरून म्हणाले की झाडाचा काही गुन्हा नाही, मातीत लाव.

मी लावली. रंगाचा रिकामा डबा घेतला, त्यात वावरातली काळी माती भरली. आमच्याकडे काळ्या मातीला कुणी नाव ठेवत नाही. ज्या मातीत कापसाची पऱ्हाटी होते तिच्यात काहीही होईल, असंच आम्ही धरून चालतो. डब्याला भोक पाडायचं मला सुचलं नाही. रोज सकाळी मी तांब्याभर पाणी घालायचे, आईला दिसेल असं. झाड असं जगवायचं असतं, हे तिला दाखवायचं होतं मला.

तीन आठवड्यांत पानं पिवळट, पाणचट झाली. खालचं पान हाताला लागलं तेव्हा गळून बोटाला चिकटलं. घाण वास आला. आई डब्याकडे रोज बघायची आणि नीट जेवायची नाही. टांगलेली सुकली असती तर चाललं असतं तिला. ही घरातच सडत होती.

बाबांची औषधं आणायला नागपूरला गेले, तेव्हा येताना जामला उतरून म्हातारीला विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"काळ्या मातीत लावली? अन् रोज पाणी? अवो बाई, पऱ्हाटी नोहे ते. सडलेलं कापून टाक, अन् सावलीत टांगून ठेव उलटी. कोरडी झाली का मुरमात लावजो."

घरी येऊन मी काळी पडलेली मुळं विळ्यानं कापली. परसात कोंबड्या आणि ओल. वारा लागेल अशी सावली फक्त पुढच्या दारात होती. जिथून ओढून काढली होती, त्याच खिळ्याला मी ती बांधली. शेजारची काकू ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "काय वो, भाषणवाल्यायच्या दारातबी लटकलं काय?" मी सुतळीची गाठ घट्ट केली.

बाबांनी खाटेवरून विचारलं, काऊन टांगली. मी सांगितलं. ते हसले, मग बराच वेळ खोकले. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "तुह्या आईले सांगजो पण, कायच्यासाठी टांगली ते."

आई शेतातून आली. दाराशी थांबली. वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या. बाबांनी नंतर विचारलं, सांगितलं का. मी हो म्हटलं. बाबांशी मी खोटं बोलले ते तेवढंच.

टांगल्यापासून सोळाव्या दिवशी बाबा गेले.

लोक पांगल्यावर आई दारात उभी होती. कोरफड हिरवीगार होती. पानं पुन्हा टणक झाली होती आणि कापलेल्या बुडातून दोन नवी मुळं फुटली होती, पांढरी, जोंधळ्याएवढी. आईनं मूळ बोटानं चाचपून पाहिलं.

"हिनं काईच नाई घेतलं अंगावर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू नीट टांगली होती ना? मनापासून?"

माझ्या तोंडाशी पत्रकातली वाक्यं आली. सगळी खरी होती. त्यांतलं एकही मी उच्चारलं नाही. ती सडली होती म्हणून वाळवायला टांगली, मग मुरमात लावायची, म्हातारीनं तसं सांगितलं होतं, एवढंच सांगितलं. आईनं पूर्ण ऐकून घेतलं. तिचा चेहरा काही बदलला नाही.

"मंग मले तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तू परत जेवून राह्यली होती," मी म्हटलं.

तिनं वर हात नेला. मग खिळ्याची सुतळी सोडून कोरफड माझ्या हातात दिली, आणि घमेलं घेऊन रस्त्याच्या कडेचा मुरूम आणायला गेली.